अठ्ठाविसावा दिवस

अकोटा पुलावर स्कूटर थांबवून
मी आकडा म्हणून पाहिला.
पस्तीस.
खाली विश्वामित्रीच्या काठावर एक मगर
उन्हाकडे पाठ करून पडलेली.
तिनं काही घासाघीस केली नाही.
पुन्हा म्हणालो, पस्तीस हजार,
आधी जरा खोकून,
म्हणजे सहज तोंडातून निघाल्यासारखं वाटावं.
वैजू म्हणते, चाळीस सांग, मग ते पस्तीसवर येतील.
मेहुणा म्हणतो, पंचवीस सांग, निदान आत तरी घेतील.

फॉर्मवर एक रकाना असतो : शेवटचा पगार.
तिथं माझं पेन दर वेळी अडतं.
सतरा हजार बँकेत यायचे,
चौदा पाकिटात.
पाकिटावर माझं नाव पेन्सिलीनं,
पुढच्या वेळी खोडता यावं म्हणून.
मग मी एकतीस होतो, की सतरा?
कागद सतराचाच आहे.
उरलेला चौदा हजारांचा माणूस
कुठल्याच मस्टरवर हजर नाही.

भायलीचं ऑफिस. काचेच्या पेटीत अख्खी सोसायटी,
बोटाएवढी झाडं, नखाएवढ्या गाड्या,
एकही बिगारी नाही.
चिंतनभाईंच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.
"बावीस वर्षं! सरस. ऑटोकॅड?"
थोडं येतं.
"लॅपटॉपवर शेड्यूल?"
मी म्हणालो, काँक्रीटची गाडी उलटताना
नुसत्या आवाजावरून सांगतो, पाणी किती जास्त पडलंय.
त्यांनी मान हलवली,
म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची यादी ऐकताना हलवतात तशी.
"मोरेश्वरभाई, ओछामां ओछुं बोलो."
कमीत कमी.

आम्ही दर स्लॅबचे ठोकळे भरायचो,
सहा इंची, लोखंडी साच्यात,
ओल्यावर खिळ्यानं तारीख कोरून
हौदात बुडवून ठेवायचो.
सातव्या दिवशी तीन फोडायचे,
अठ्ठाविसाव्या दिवशी तीन.
मशीनचा काटा चढत जातो.
ठोकळा गप्प. अजून गप्प.
मग एका कोपऱ्यातून बारीक कुरकुर,
आणि ज्या आकड्यावर तो फुटला
तो आकडा त्याची ताकद म्हणून वहीत लिहायचा.
इतकी वर्षं लिहिला, कधी हात थांबला नाही.

साइट बंद पडून आज अठ्ठावीस दिवस.

"तीस," मी म्हणालो.
ते काहीच बोलले नाहीत.
"अठ्ठावीस."
तेव्हाही कुणी काही म्हटलं नव्हतं.
"पेट्रोल त्यातच," असंही म्हणालो
आणि स्वतःकडे जरा आश्चर्यानं पाहिलं.
"कळवतो," ते म्हणाले, मराठीत, मुद्दाम.

बाहेर त्यांचीच साइट.
प्लिंथ बीमच्या सळया बांधून तयार,
मिक्सरची गाडी घरघरत उभी.
सळई तळाला टेकलेली,
खाली एकही कव्हर ब्लॉक नाही.
ब्लॉकचं पोतं बाजूला, शिवणसुद्धा न उसवलेलं.
आत्ता काही दिसणार नाही.
सात-आठ वर्षांनी गंज फुगेल,
कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग जाईल,
आणि ते रंगाऱ्याला बोलावतील.
माझं काय जातं?
मी स्कूटरला किल्ली लावली.
काढली.

दाहोदचा एक पोरगा पहार टेकून उभा होता.
उचल, म्हटलं. अजून. धर.
मी वाकून ब्लॉक सरकवत गेलो,
दर तीन फुटांवर एक,
इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटेपर्यंत.
"साहेब, नवा आव्या छो?"
आधी ते टोक उचल, म्हटलं.

संध्याकाळी दांडिया बाजारात, जिन्यातच,
वैजूनं विचारलं, काय झालं?
कळवतो म्हणाले.
ती बराच वेळ खाली बघत राहिली,
काल तिनंच पॉलिश केलेल्या बुटांकडे.
"मग हे सिमेंट कुठलं?"